निवड खेळणाऱ्याची, नियम कोणाचे?

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या चळवळीतील ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ती योग्यच होती. परंतु जुगार वेगळा आणि कथा सांगणारा खेळ वेगळा. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावातही मोबाइलवर खेळणारा तरुण आज केवळ गोष्ट ऐकत नाही. पुढे काय घडावे हे आपणच ठरवतो आहोत, असे त्याला वाटते. या वाटण्याची चिकित्सा आपण करावयास हवी.

खेळातून गोष्ट सांगण्याची कला आपल्याला नवी नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. गंमत अशी की, हा पट सदाचरण शिकवतो, पण खेळणाऱ्याला आचरणाची संधीच देत नाही. कवड्या पडतील तसे सोंगटीने सरकावयाचे! आजचा खेळ याच्या उलट टोकाला आहे. तो पदोपदी निवड करावयास लावतो आणि हरल्यावर दोषही खेळणाऱ्याच्याच पदरी टाकतो. बाजारपेठेचे तत्त्वज्ञान तरी दुसरे काय सांगते?

वस्तुतः खेळाची खरी कथा त्याच्या नियमांत असते. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली जमीनदारीवरील एका खेळाचे पेटंट मिळवले. ती हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाची अनुयायी होती. जमिनीचे भाडे थोड्यांच्या हाती कसे साचते आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे तिला पटावर दाखवावयाचे होते. पुढे याच खेळातून ‘मोनॉपॉली’ निघाला, आणि आपल्या घरोघरचा ‘व्यापार’ त्याच वंशातला. मक्तेदारीवरील टीका गळून पडली. मक्तेदार होण्याची हौस तेवढी उरली.

तरीही या माध्यमाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. लुकास पोप यांच्या २०१३ सालच्या ‘पेपर्स, प्लीज’ या खेळात आपण एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरील कारकून असतो. जितक्यांची कागदपत्रे तपासावी तितकी मजुरी. दारात उभ्या असहाय माणसाला सोडावे तर दंड, आणि दंड भरावा तर घरी औषधाला पैसे उरत नाहीत. साधा माणूस अन्यायाचे हत्यार कसा बनतो, हे दहा व्याख्यानांतून उमगणार नाही इतके येथे कळते. आपल्या पुण्यात घडलेला ‘राजी’ हा २०२० सालचा खेळ देखणा आहे. भावाच्या शोधात निघालेली एक सामान्य मुलगी त्याची नायिका आहे. परंतु त्यात कथेची वाट आधीच आखलेली आहे.

आता आपल्या कांदा उत्पादकाकडे पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. भावाच्या आशेने उन्हाळ कांदा चाळीत राखणारा त्यात सापडला. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. न टिकणारा लाल कांदा काढून लगेच बाजारात नेणारा त्यात बुडाला. थांबलेलाही फसला, न थांबलेलाही फसला. बंदी मे २०२४ मध्ये आणि शुल्क एप्रिल २०२५ मध्ये उठले, पण दरम्यान झालेले नुकसान कोणी भरून दिले? विकावे की राखावे ही निवड शेतकऱ्याची होती. नियम मात्र दिल्लीत, डाव चालू असताना बदलले जात होते.

हा अनुभव मराठीतील एखाद्या खेळाचा विषय का होऊ नये? एके काळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने लोकनाट्य आणि पोवाडा हाती घेतला, कारण लोक तेथे होते. आज तरुण या पडद्यापुढे आहेत. संगणकाचे शिक्षण घेतलेल्या आपल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे आणि कार्यकर्त्यांनी त्यांना बाजार समितीतील, शेतातील तपशील पुरवावा.

मात्र एक पथ्य पाळावे. अशा खेळात केवळ विका किंवा राखा एवढेच दोन पर्याय नसावेत. डिसेंबर २०२३ मध्ये चांदवडच्या शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला, तो तिसरा पर्याय होता : सर्वांनी मिळून नियमच बदलावयास लावण्याचा. एकट्याच्या निवडीला स्वातंत्र्य समजणाऱ्या पिढीला हा पर्याय दाखवणे, हे आपलेच काम आहे.