एकशे वीस गोल, एक लूप!

शुक्रवारची संध्याकाळ, रात्रीची कोकणकन्या पकडायचीय, आणि बॉस म्हणतो, 'सावंतवाडीच्या गंजिफावर एक प्रेझेंटेशन टाक ना!'

दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. एकूण 120, आणि सगळी गोल! हे माऊसने काढत बसायचं? छे! दुसऱ्याच स्लाइडवर रांग तिरकी.

त्यापेक्षा 'पायथॉन-पीपीटीएक्स' ही फुकट मिळणारी लायब्ररी घ्या. तिच्या 'अ‍ॅड शेप'ला पाचच गोष्टी लागतात: आकार, डावीकडचं अंतर, वरचं अंतर, रुंदी आणि उंची. आकार 'ओव्हल', रुंदी-उंची सारखीच दीड इंच, की झालं वर्तुळ. तिची नेहमीची स्लाइड 10 बाय साडेसात इंचांची. पहिलं पान डावीकडून सव्वा इंचावर, वरून एक इंचावर. मग दोन-दोन इंच सरकत चार कॉलम, तीन ओळी. एका स्लाइडवर एक अवतार. लूप दहादा फिरवा, काम फत्ते! गोल मोठे हवेत? दीडचे पावणेदोन करा, बस्स.

पण मंडळी, पुढचं काम कोडचं नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात चित्रकार ही पानं आजही हातानं रंगवतात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात ही कला सावरली. वाचलेला वेळ तिथल्या मत्स्य-कूर्मांचे झकास फोटो निवडण्यात घाला. नाहीतर 120 रिकामी वर्तुळं... एकदम परफेक्ट, आणि एकदम बोअर!