मणक्यात काय भरले, ते रुग्णाला लिहून द्या

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली;
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य;
आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या राज्यातील सर्व रुग्णालयांचे संचालक

महोदय,

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली की रुग्णाच्या हाती एक्स-रे येतो. त्यात स्क्रू दिसतात, सळया दिसतात, दोन मणक्यांमधला केज दिसतो. पण हा सगळा धातू मणक्यांना काही महिने धरून ठेवण्यापुरताच असतो. तेवढ्या काळात मधे जिवंत हाड वाढून मणके एकसंध झाले नाहीत, तर स्क्रू सैल होतात, सळई तुटते आणि रुग्ण पुन्हा टेबलावर येतो. ते हाड वाढावे म्हणून तिथे जे भरतात, तो ग्राफ्ट. माझी मागणी त्याच्यापुरतीच आहे. कोणता ग्राफ्ट, कशापासून बनलेला, कोणत्या बॅचचा, हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी समजावून सांगावे आणि नंतर लिहून द्यावे.

रुग्णाचे स्वतःचे हाड हा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा ग्राफ्ट. त्यात नव्या हाडाला आधार देणारा सांगाडा असतो, हाड घडवा असा संदेश देणारी प्रथिने असतात आणि जिवंत पेशीही असतात. ते बहुधा कमरेच्या बाजूच्या हाडातून काढतात, आणि ती जागा काही रुग्णांना मणक्यापेक्षा जास्त काळ छळते. म्हाताऱ्या माणसाचे हाड ठिसूळ असते, आणि पाठीचा मोठा बाक सरळ करायचा तर हाड पुरतही नाही. म्हणून पर्याय आले. कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे, मृत दात्याच्या हाडातील क्षार काढून केलेली पेस्ट, जनावराच्या हाडापासून केलेले तुकडे, जिवंत पेशी राखलेले दात्याचे हाड, प्रयोगशाळेत बनवलेले बीएमपी हे प्रथिन. त्यांनी अनेकांना उभे केले आहे आणि माझा त्यांना विरोध नाही. पण या वस्तू एकसारख्या नाहीत. कुणाचा धोका नगण्य, कुणाचा गंभीर. कुणाची किंमत किरकोळ, कुणाची जबर. बिलावर मात्र सगळ्या एकाच ओळीत बसतात.

माझ्या मावशीच्या बिलावर अशीच ओळ होती. बोन ग्राफ्ट, इतके सीसी, आणि पुढे रक्कम. मावशी माळकरी. घरी आल्यावर तिने विचारले, "माझ्यात घातलंय तरी काय गं?" वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला "हाडाची पावडर" एवढेच सांगितले होते. कुणाच्या हाडाची, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. डिस्चार्ज कार्डावर नाव नव्हते, बॅच नव्हती. बीएमपी ज्या स्पंजात भिजवून ठेवतात तो गाईच्या कोलॅजनचा असतो. काही ग्राफ्ट सरळ गुराच्या हाडाचे असतात. हे आधी सांगितले असते तर मावशीने कदाचित होही म्हटले असते. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता. पण तो निर्णय तिचा होता, आणि तो तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. मेडिकल दुकानातून दहा रुपयांच्या गोळ्या घेतल्या तरी बिलावर बॅच नंबर छापून येतो. जन्मभर शरीरात राहणाऱ्या वस्तूचा नंबर मागितल्यावर मात्र या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात.

बॅच नंबराने काय साधते, ते अमेरिकेत 2021 साली दिसले. तिथे एका रुग्णालयात फायबरसेल नावाचा ग्राफ्ट 23 रुग्णांना वापरला होता. त्यांतल्या सात जणांना संसर्ग झाला आणि चौघांत क्षय निघाला. ग्राफ्ट एकाच मृत दात्याच्या हाडाचा होता. त्यात जिवंत पेशी राखायच्या असल्याने किरणोत्साराने तो निर्जंतुक करता येत नव्हता, आणि दात्याच्या ऊतीची क्षयाच्या जंतूसाठी तपासणी करणे तेव्हा बंधनकारक नव्हते. जून महिन्यात कंपनीने ती बॅच परत मागवली. बॅच नंबरावरून 18 राज्यांतले 113 रुग्ण शोधून काढले गेले. बहुतेकांची शस्त्रक्रिया मणक्याचीच होती. 87 जणांमध्ये क्षयाचा पुरावा मिळाला. आठ जण दगावले, त्यांतल्या तिघांचा मृत्यू क्षयामुळे झाल्याचा निष्कर्ष निघाला. दोनच वर्षांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका ग्राफ्टमधून पुन्हा तेच घडले.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया मुळात मणक्याच्या क्षयासाठीच पुढे आली. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी आणि रसेल हिब्ज या दोन शल्यविशारदांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्षयाने खचलेले मणके जोडण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. शंभर वर्षांनी तोच रोग ग्राफ्टमधून निरोगी मणक्यात शिरला. तिकडे क्षय विरळा, म्हणून चार रुग्ण निघताच शंका आली. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर कुणाच्या मणक्यात क्षय निघाला तर काय होईल? त्याचा जुनाच आजार उफाळला असे मानून औषधे सुरू होतील आणि फाइल बंद होईल. ग्राफ्टवर कुणाचा संशयही जाणार नाही. एकाच बॅचचे पाच रुग्ण पाच जिल्ह्यांत असतील, तर त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला नोंदीखेरीज दुसरा मार्ग नाही.

नोंद नसली की काय होते, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा 2010 साली जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत वापरला होता. पुढे केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीसमोर हिशेब आला, तेव्हा तीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. ती माणसे कुठेतरी वेदना सहन करत होती, आणि भरपाईच्या आदेशाला त्यांचा पत्ता माहीत नव्हता.

ही नोंद कंपन्यांवर सोपवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बीएमपीचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. 2002 मध्ये अमेरिकेत इन्फ्यूज या नावाने त्याला मान्यता मिळाली ती कमरेच्या मणक्यातील, पोटाकडून करायच्या एका ठरावीक शस्त्रक्रियेपुरती. पाहता पाहता ते मानेतही वापरले जाऊ लागले. तिथे सूज येऊन श्वास कोंडल्याच्या तक्रारी आल्या, आणि 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. ते विकणाऱ्या कंपनीच्या पैशांतून झालेल्या 13 अभ्यासांत 780 रुग्णांपैकी एकालाही या प्रथिनामुळे त्रास झाल्याची नोंद नव्हती. यूजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा खरा धोका सांगितल्यापेक्षा 10 ते 50 पट असल्याचे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने उघड केले की मेडट्रॉनिक या त्याच कंपनीने 1996 ते 2010 या काळात डॉक्टरांना सुमारे 21 कोटी डॉलर दिले होते, आणि शोधनिबंधांच्या मसुद्यांवर कंपनीच्या माणसांचा हात फिरला होता. तक्रार टिपण्याचे काम विकणाऱ्याच्या हाती राहिले की ती कागदावर उतरत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. 2011 च्या दुरुस्तीने अवयवांबरोबर ऊतीही प्रत्यारोपण कायद्यात आल्या, 2014 च्या नियमांत ऊतीपेढ्या आल्या. कृत्रिम ग्राफ्टला 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. उपकरणांच्या तक्रारींसाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी 1988 पासून दात्यांच्या ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवते आहे, म्हणजे हे काम नीट करता येते हे आपल्याच शहरात सिद्ध झालेले आहे. कारखान्यापासून वितरकापर्यंतचा माग कागदावर मिळतो. रुग्णालयाच्या दारापासून रुग्णाच्या मणक्यापर्यंतचा माग मात्र त्या त्या रुग्णालयाच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

तो रस्ता तुम्ही बांधायचा आहे. संमतीपत्रात मराठीत लिहा: ग्राफ्ट स्वतःच्या हाडाचा, दात्याच्या, जनावराच्या की कृत्रिम, अंदाजे खर्च किती, दुसरा पर्याय कोणता. मणक्याची नस मोकळी करताना निघणारे हाड बारीक करून वापरता येईल का, हेही त्याच पानावर असावे, कारण एका जागेच्या जोडणीला ते अनेकदा पुरते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पाकिटासोबत येणारा स्टिकर केसपेपरवर लावता, तसा दुसरा डिस्चार्ज कार्डावर लावा. तीच नोंद राज्याच्या एका रजिस्टरमध्ये जाऊ द्या. ते कंपनीचे नसावे, आणि बॅच परत मागवली गेली की त्यातून रुग्णाच्या फोनवर निरोप जावा.

सर्जन मंडळी म्हणतील, रुग्ण आधीच घाबरलेला असतो, एवढे सांगितले तर तो पळून जाईल. मी वॉर्डात बसून पाहिले आहे. माणसे घाबरतात ती कुणी काही सांगत नाही म्हणून. अपघातातल्या रुग्णाला आधी सांगणे शक्य नसेल, तर नंतर सांगा. स्टिकर तर तेव्हाही लावता येतो.

राज्याने 2021 मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. डिस्चार्ज कार्डाचा नमुना बदलायला त्याहून मोठा आदेश लागणार नाही. तो आदेश कोणत्या खात्याने काढायचा, हे आपण सर्वांनी आपसात ठरवून जाहीर करावे. आणि मावशीच्या बॅचचा नंबर भांडारातल्या जुन्या चलनात अजून असेल, तर तो आम्हाला हवा आहे.

आपली,
मणक्याच्या एका रुग्णाची भाची