ताप उतरला, गोळ्या मात्र कोनाड्यात

गडचिरोली : पाऊस लागला की भामरागड, एटापल्ली, धानोऱ्यात हिवताप वाढतो. आशाताई घरी येऊन रक्त तपासतात, गोळ्या फुकट मिळतात. तरी ताप उलटतो. का?

व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायची असते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. मग मळमळतंय, पोट दुखतंय, त्यात रोवणी अडलीय, म्हणून माणूस गोळ्या सोडतो. जंतू मात्र यकृतात लपलेला असतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो.

उपाशीपोटी गोळी घेतली की त्रास जास्त होतो, जेवूनच घ्या. क्लोरोक्विनने काहींना खाज सुटते, ती नंतर जाते. पण लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले किंवा दम लागला, तर प्रायमाक्विन तिथेच थांबवा, दवाखाना गाठा. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. गरोदर बाईला ती देतच नाहीत.

हा फरक गोळी देतानाच सांगायला हवा. पण आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग. गोळ्या वाटल्याची नोंद होते, चौदावी गोळी पोटात गेली का, हे विचारायला माणूस कुठाय?