आठवत नाही, तरी ठसा उमटतोच

‘क्रेझी टॅक्सी’ खेळलेल्या कुणालाही त्या गेममधली दुकानं विचारा. पिझ्झा हट, केएफसी ही नावं पटकन येतील. सेगाचा हा गेम 1999 सालचा. प्रवासी टॅक्सीत उडी मारून बसतो, पिझ्झा हटला सोड म्हणतो, वर हिरवा बाण दिशा दाखवतो आणि सेकंद भराभर संपत असतात. वेळेत पोचला नाहीत तर भाडं बुडालं. जाहिरात इथे भिंतीवर टांगलेली नाही, तिथवर पोचणं हाच खेळ आहे. 2010 मध्ये गेम पुन्हा आला तेव्हा ही खरी नावं काढलेली होती, आणि जुन्या खेळाडूंना ते चांगलंच खटकलं.

गेममधल्या रस्त्याकडेच्या फलकांच्या नशिबी हे भाग्य नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो 2’ हा मोटार-शर्यतीचा गेम खेळणाऱ्यांवरचा संशोधक मिशेल नेल्सन यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ संपताच साधारण 25 ते 30 टक्के ब्रँड आठवले. पाच महिन्यांनी 10 ते 15 टक्के. खेळाडू मोजकेच होते, म्हणून आकड्यांना फार चिकटू नये. पण कल पटण्यासारखा आहे. वळणावर ब्रेक कधी दाबायचा, यात जीव अडकलेला माणूस फलक कशाला वाचेल? 2008 मध्ये ‘बर्नआउट पॅरडाइज’च्या रस्त्यांवर ओबामांच्या प्रचाराचे फलक लागले. ते आज आठवतात, पण माझ्या मते त्याचं श्रेय गेमपेक्षा त्यावर आलेल्या बातम्यांना जास्त आहे.

मग जाहिरातदारांचे पैसे पाण्यात गेले का? नाही, आणि मला अस्वस्थ करतं ते हेच. 2006 मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास झाला, क्रीडा-गेममधल्या ब्रँडबद्दलचा. कोणते ब्रँड दिसले, हे मुलांना फारसं सांगता येईना. पण अक्षरं गाळलेले शब्द पुरे करायला दिले, तेव्हा गेममधल्या ब्रँडची नावं जमू लागली. म्हणजे आठवण नाही, तरी ठसा आहे. जे पाहिल्याचं आठवतच नाही, त्याच्याबद्दल सावध कसं राहणार? मोठ्यांची ही गत, तर आठ-दहा वर्षांच्या मुलांचं काय?

मुंबईत मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, 2021 मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींना सशुल्क पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला लावलं. मुलांच्या गेममध्ये पैसे घेऊन दाखवलेल्या प्रत्येक ब्रँडची सूचनाही खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर यायला हवी, मराठीत आणि ठळक अक्षरांत. परिषदेने हे काम आता हाती घ्यावं.