बंद पाळण्याचे मोल
देखभालीसाठी पाळणा बंद असल्याची पाटी पाहून हौशी मंडळी खट्टू होतात. परंतु १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा मृत्यू झाला, याचे विस्मरण होऊ नये. लंबक ९० अंशांपर्यंत चढला, तर तळाशी त्याच्या भुजेवरील ताण स्थिर भाराच्या तिप्पट होतो. प्रत्येक झोक्यागणिक चढणाऱ्या-उतरणाऱ्या या ताणाने धातू थकतो आणि डोळ्यांना न दिसणारी भेग हळूहळू वाढते. अल्ट्रासॉनिक तपासणीत ती सापडू शकते. मात्र त्यासाठी पाळणा थांबवावाच लागतो. म्हणून बंदची पाटी हा व्यवस्थापनाचा दोष नव्हे, कर्तव्य होय. तपासणीचा दिनांक व निष्कर्ष प्रत्येक पाळण्यापाशी लावणे देशभर सक्तीचे व्हावे.