लिटिल इंडियाला नकाशा घेऊन जा

समजा, या सुट्टीत तुम्ही घरच्यांबरोबर इंग्लंडला निघाला आहात आणि एक दिवस बाथ या शहरासाठी ठेवला आहे. घरात तयारी कशी चालते बघा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडी किती वाजता सुटते, रोमन लोकांची स्नानगृहं आधी बघायची की नंतर, अर्धचंद्रासारख्या रांगेत बांधलेली ती तीस घरं कुठे आहेत, हे सगळं बाबा महिनाभर आधीच शोधून ठेवतात. आई सगळ्यांना चालायचे बूट घ्यायला लावते. बाथ हे पायी बघायचं जुनं गाव आहे, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं.

आता सिंगापूरचं लिटिल इंडिया घ्या. तुमच्यापैकी जे सिंगापूरमध्ये राहतात, ते तिथे कितीतरी वेळा गेले असतील. बाकीचे सिंगापूरला फिरायला आलात की एकदा तरी जाताच. तयारी काय? किराण्याची यादी. पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता, नारळ, उदबत्ती. पिशव्या भरल्या, डोसा खाल्ला, टॅक्सी बोलावली, घरी. "तिथे बघायचं काय? दुकानंच तर आहेत," असं मोठी माणसंही म्हणतात.

मला हे पटत नाही. लिटिल इंडियाही पायी बघायचं, जुनं गाव आहे. १९८९ पासून सिंगापूर सरकारनं या भागाला वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे. टेक्का मार्केटपासून श्रीनिवास पेरुमाळच्या देवळापर्यंत सेरंगून रोडनं चालत गेलात, तर अंतर जेमतेम एक किलोमीटर भरतं. ऊन-पावसाचीसुद्धा सोय आहे. जुन्या दुकानांच्या पुढे सलग पडवी असते. रॅफल्स साहेबानं १८२२ साली शहराचा आराखडा करताना, प्रत्येक घरापुढे अशी झाकलेली वाट हवीच, असं ठरवून दिलं होतं. इथे तिला 'फाइव्ह फूट वे' म्हणतात. आपण 'पाच फुटी पडवी' म्हणूया.

बाथला गरम पाण्याचे झरे आहेत, इथे काय, असं कुणी विचारेल. झराच हवा असेल तर तोही सिंगापूरमध्ये आहे, सेंबावांगला. लोक त्यात पाय सोडून बसतात आणि अंडीसुद्धा उकडतात. पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा तो वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

तयारी कुठून सुरू करायची? मी म्हणेन, रस्त्यांच्या नावांपासून. लिटिल इंडिया स्टेशनच्या बाहेर आलात की एक रस्ता आहे बफेलो रोड. त्याच्या शेजारचा रस्ता केरबाऊ रोड. मलय भाषेत केरबाऊ म्हणजे म्हैस! एकाच जनावराच्या नावाचे दोन रस्ते शेजारी-शेजारी. कारण एकोणिसाव्या शतकात इथे गुराढोरांचा मोठा बाजार होता. जवळ पाणी होतं, चरायला गवत होतं. कलकत्त्याहून आलेला बेलिलिओस नावाचा ज्यू व्यापारी गुरांच्या धंद्यात मोठा झाला. त्याच्या नावाचा रस्ता आजही आहे. या भागाला तेव्हा 'कंडांग केरबाऊ' म्हणत, म्हणजे म्हशींचा गोठा.

सिंगापूरमध्ये जन्मलेल्यांनी इथे जरा थांबावं. तुमच्यापैकी काहींचा जन्म 'केके' रुग्णालयात झाला असेल. त्या नावातले दोन 'के' म्हणजे हेच कंडांग केरबाऊ. १९६६ साली एका वर्षात तिथे ३९,८३५ बाळं जन्मली. तेव्हा तो जगातला विक्रम होता. आता आजीला फोन करा आणि "माझा जन्म गोठ्यात झाला" असं सांगा. काय म्हणते बघा.

केरबाऊ रोडवरच एक रंगीबेरंगी घर आहे. सगळे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. ते घर १९०० साली तान तेंग निया या चिनी व्यापाऱ्यानं बांधलं. त्याचे मिठाईचे कारखाने होते. लिटिल इंडियात चिनी शेठजींचं घर! पुढे डनलॉप स्ट्रीटवर अब्दुल गफूर मशीद आहे. रेस कोर्स रोडच्या टोकाला बुद्धाची पंधरा मीटर उंच मूर्ती आहे आणि ते देऊळ थायलंडहून आलेल्या भिक्षूनं उभारलं. तेव्हा 'इंडिया' या नावावर फार जाऊ नका. गल्लीत चाललात की नाव अपुरं पडतं.

माझ्या आवडीची जागा मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती आहे एका लहानशा गल्लीची पाटी. डलहौसी लेन. मी मराठी माध्यमात शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात लॉर्ड डलहौसी म्हणजे 'संस्थानं खालसा करणारा' माणूस. खालसा करणं म्हणजे एखाद्या राजाचं राज्य काढून घेऊन ते सरकारच्या ताब्यात आणणं. १८४८ साली त्यानं साताऱ्याचं राज्य खालसा केलं. छत्रपतींच्या घराण्याची ती गादी होती. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. तोच डलहौसी १८५० साली सिंगापूरला येऊन गेला. त्याच्या सन्मानासाठी उभारलेला दगडी स्तंभ नदीजवळ अजून उभा आहे. साताऱ्यात ज्याचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतील, त्याच्या नावाची गल्ली इथे शांतपणे नांदते. जवळपासच क्लाइव्ह स्ट्रीट आणि कॅम्पबेल लेनही आहेत. ही नावं बदलावीत असं माझं म्हणणं नाही. पण पाटीखालून जाताना हा कोण होता, एवढं तरी तुम्हाला माहीत असावं. बाथमध्ये गाइड सांगेल ते तुम्ही कान देऊन ऐकता. इथे गाइड तुम्हीच व्हा.

आता एक अवघड प्रश्न. मुलं मला विचारतात, "इथे सगळं तमिळमध्ये आहे. मराठी काहीच नाही. मग हे आपलं कसं?" प्रश्न बरोबर आहे. सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक तमिळ आहे. शाळेत तमिळऐवजी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी नाही. म्हणून तर तुम्ही शनिवारी-रविवारी आमच्याबरोबर ऑनलाइन बसता.

पण थोडं मागे जाऊया. सिंगापूर आणि मलायाला आलेले पुष्कळ तमिळ कामगार तंजावर आणि त्रिचीच्या भागातले होते. नागपट्टणमच्या बंदरात ते जहाजावर चढत. त्या तंजावरवर मराठी राजांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि त्यांच्या वंशजांनी पावणेदोनशे वर्षं ती गादी सांभाळली. शेवटी-शेवटी सत्ता इंग्रजांची आणि राजे नावापुरते, हेही खरं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ साली एक भलामोठा मराठी शिलालेख कोरून घेतला. भोसले घराण्याचा इतिहास त्या भिंतीवर आहे. तंजावरची गादी १८५५ साली संपली, तीही डलहौसीच्याच काळात. आणि सेरंगून रोडवरच्या पेरुमाळच्या देवळाची सुरुवातही १८५५ चीच. योगायोगच आहे, पण मला तो विसरता येत नाही.

एवढ्यावरून लिटिल इंडिया मराठी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आपण तिथे पाहुणे आहोत. पाहुण्यानं यजमानाच्या भाषेतले दोन शब्द शिकावेत. 'वणक्कम' म्हणजे नमस्कार, 'नंद्री' म्हणजे धन्यवाद. फुलवाल्या मावशींना नंद्री म्हणून बघा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कधी जायचं? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: "रविवार सोडून कधीही. रविवारी फार गर्दी असते." ही गर्दी कुणाची? तमिळनाडूतून आणि बांगलादेशातून आलेल्या कामगारांची. इमारती, रस्ते, मेट्रोचे बोगदे ही माणसं बांधतात. अनेकांना आठवड्यात तेवढा एकच दिवस सुट्टीचा मिळतो. गावाकडे पैसे पाठवायचे, केस कापायचे, गाववाल्यांना भेटायचं, आपल्या चवीचं जेवायचं, हे सगळं त्या एका दिवसात. हिरवळीवर गोल करून बसलेली माणसं दिसतात. काही जण फोनवर मुलांशी बोलत असतात, फोनमधली मुलं तुमच्याच वयाची.

८ डिसेंबर २०१३ ला, रविवारी रात्री, रेस कोर्स रोडवर एक भारतीय कामगार बसखाली येऊन मेला आणि त्यानंतर तिथे दंगल झाली. त्यापुढे या भागात दारूविक्रीवर कडक नियम आले. ही गोष्ट मोठी माणसं मुलांना नीट सांगत नाहीत. नुसतं "रविवारी नको" एवढंच सांगतात, आणि मुलांच्या मनात राहतं ते एवढंच की त्या माणसांपासून लांब राहायचं. मला हे चुकीचं वाटतं. बाथमध्येही गर्दी असते. तिथे आपण तिच्यातून हसत-हसत वाट काढतो. इथली गर्दी आपल्यासारख्याच रंगाची आणि कमी पैशांची आहे, म्हणून ती टाळायची का?

म्हणून माझा आग्रह आहे की दोनदा जा. एकदा शनिवारी सकाळी, इमारती आणि पाट्या बघायला. एकदा रविवारी दुपारी, माणसांमधून चालायला. माणसांमधून चालायला म्हणते आहे, माणसं 'बघायला' नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. तुमचा कुणी न विचारता काढला तर चालेल का?

बाकी तयारी सोपी आहे. देवळं दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा सकाळी किंवा संध्याकाळी जा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. चपला पटकन काढता येतील अशा हव्यात, बाथचे बूट इथे कामाचे नाहीत. मशिदीत नमाजाची वेळ सोडून जा. कॅम्पबेल लेनवर इंडियन हेरिटेज सेंटर आहे, २०१५ साली उघडलेलं. सोमवारी ते बंद असतं. भूक लागली की टेक्का मार्केटमध्ये खाल्लं तर स्वस्त पडेल, नाहीतर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास सेरंगून रोडवर आहेच.

आणि हो, किराण्याची यादी खिशात असू द्या. फक्त खरेदी सगळ्यात शेवटी करा. पहिल्याच दुकानात पोहे आणि नारळ घेतलेत, तर ती पिशवी पेरुमाळच्या देवळापर्यंत कोण उचलणार, यावरून वाटेतच भांडण होईल.