हे कसले मुंबईदर्शन?

गोव्याहून, बेळगावाहून, इंदुराहून वा बडोद्याहून आपली मंडळी मुंबईस जातात, तेव्हा हल्ली दोन तऱ्हेचे प्रवास त्यांच्यापुढे मांडले जातात. पहिला ‘मुंबईदर्शन’ या नावाचा. तो सकाळी गेटवेपाशी सुरू होतो, हँगिंग गार्डन, हाजीअली व नटनट्यांचे बंगले खिडकीतून दाखवीत संध्याकाळी जुहूच्या वाळूत संपतो. दुसरा अधिक शहाणा, अधिक महाग. ‘अस्सल मुंबईकराप्रमाणे मुंबई अनुभवा’ अशी त्याची जाहिरात असते. त्यात बंगल्यांच्या जागी चाळीची गॅलरी असते आणि बसच्या जागी लोकलचा गच्च भरलेला डबा. सुशिक्षित मंडळी पहिल्या प्रवासास हसतात आणि दुसऱ्यावर खूश होतात. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही एकाच वृत्तीची रूपे आहेत, आणि दुसरे रूप अधिक फसवे आहे.

ज्यांचा देवळाशी नित्याचा संबंध आहे, त्यांना तरी ‘दर्शन’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावयास नको. आपण देव पाहावयास जातो हे अर्धेच सत्य आहे. देवाची दृष्टी आपल्यावर पडावी म्हणून आपण त्याच्यासमोर उभे राहतो. म्हणूनच पायांतील वहाणा बाहेर राहतात, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि तेथील नियम आपल्याला अडचणीचे वाटले तरी पाळावे लागतात. ज्या पाहण्यात पाहणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही, कोठे थांबावे लागत नाही आणि ज्याला पाहिले त्याची आपल्यावर दृष्टीही पडत नाही, त्या पाहण्यास दर्शन म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. त्याला तमाशा म्हणावे.

आपल्याला हा भेद कळत नाही असे नाही. अंगावर येतो तेव्हा तो आपल्याला चांगला कळतो. फोंडा महालातील देवस्थानांसमोर सहलीच्या गाड्या उभ्या राहतात, समईच्या उजेडात पूजा चाललेली असताना चौकात छायाचित्रांसाठी तोंडे वेडीवाकडी केली जातात, दीपस्तंभाची उंची विचारली जाते, आणि देवाचे नाव न विचारताच मंडळी पुढच्या ठिकाणाकडे धावतात. मंगेशाचे दैवत १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळास का आणावे लागले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास का आली, हे त्यांच्या गावीही नसते. आपण मग ‘भायल्यां’विषयी तावातावाने बोलतो. बोलावेच. परंतु जो न्याय मंगेशीला, तोच न्याय गिरगावाला का नसावा? तेथल्या वाडीत बिनदिक्कत शिरून, दारात वाळत घातलेल्या लुगड्यांची छायाचित्रे घेणारा आपला मनुष्य तेथील लोकांच्या दृष्टीने कोण ठरतो?

आणि मुंबई आपल्याला परकी आहे, असेही नाही. मुंबादेवी ही कोळ्यांची देवी; तिचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या बाजूस होते आणि इंग्रजांच्या किल्ल्याच्या सोयीपायी अठराव्या शतकात ते तेथून उठले. देव विस्थापित होणे म्हणजे काय, हे गोव्याच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. वाळकेश्वराचे जुने देऊळ पोर्तुगीजांनी पाडले. ते १७१५ च्या सुमारास पुन्हा उभे केले रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने. पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान असल्याच्या आरोपावरून याच रामा कामताला कंपनीने तुरुंगात टाकले, आणि ज्या पत्रांवरून दोषी धरले ती बनावट असल्याचे मागाहून उघडकीस आले. बाणगंगेच्या काठी कवळे मठ आजही आहे. दर्शनाची गाडी हँगिंग गार्डनपर्यंत जाते. तेथून अगदी जवळ असलेल्या या तळ्याकडे मात्र बहुधा ती वळत नाही. आपल्याच पूर्वजांच्या पायऱ्या सोडून आपण नटांच्या बंगल्यांची फाटके पाहून येतो!

आता दुसऱ्या, ‘अस्सल’ प्रवासाकडे वळू. मुंबईकर लोकलला लोंबकळतो तो हौसेने नव्हे. भायखळ्याला वा परळला त्याला परवडेल असे घर उरले नाही, म्हणून तो कल्याण-विरारहून रोज येतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. ती सारी रोजच्या गर्दीतली माणसे होती. ज्या गर्दीत माणसे मरतात, ती गर्दी ‘अनुभव’ म्हणून विकत घेणे ही रसिकता नव्हे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावच विस्कटले. ज्या आवारांत भोंगे वाजत होते तेथे आज काचेची दुकाने आहेत. त्या दुकानांत कॉफी पिऊन, बाहेर वडापाव खाऊन, ‘आम्ही खरी मुंबई पाहिली’ असे म्हणणाऱ्याने नेमके काय पाहिले? मुंबईकराचे कष्ट दोन तास अंगावर घेतल्याने कोणी मुंबईकर होत नाही, कारण दोन तासांनी परत फिरण्याची सोय मुंबईकराला नाही.

यावर कोणी विचारील, “मग जाऊच नये काय? आमच्यापाशी दोनच दिवस असतात. चार ठिकाणे पाहावीशी वाटणारच.” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की जावे, परंतु पाहुणा म्हणून जावे. पाहुणा यजमानाचे सोंग घेत नाही आणि त्याच्या घराची पाहणीही करीत नाही. परक्या गावात गेल्यावर आधी ग्रामदेवतेला नारळ ठेवावा, ही आपली रीत आहे. तीच मुंबईत पाळावी. मुंबादेवीपासून आरंभ करावा आणि दोन दिवसांना गिरगाव-भुलेश्वर एवढा एकच भाग पुरे समजावा. तो पायी हिंडावा. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव चालत आला आहे. तेथे हात जोडावे. साहित्य संघाच्या नाट्यगृहात त्या दिवशी प्रयोग असेल तर तिकीट काढून बसावे. धोबी तलावाच्या जेर महालाकडे पाहताना गोव्याच्या खलाशांनी गावोगावच्या नावाने चालविलेल्या ‘कुडीं’ची आठवण ठेवावी, आपल्या ख्रिस्ती बांधवांचा गोवा तेथेच खाटेखाली ट्रंक ठेवून राहत आला. खोताच्या वाडीत शिरण्यापूर्वी विचारावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी पुन्हा विचारावे. सकाळी दक्षिणेकडे व संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमधील जागा कामावरच्या माणसासाठी सोडावी. दुपारी निवांत गाडी मिळते. आणि पहिल्या दिवशी ज्या उपाहारगृहात जेवलो, दुसऱ्या दिवशीही तेथेच जावे. नव्या चवीसाठी शहर धुंडाळणाऱ्याला कोणी ओळखत नाही. दुसऱ्यांदा येणाऱ्याला ओळखतात. येवकार आपोआप मिळतो तो तेथे.

हे केवळ शिष्टाचाराचे बोलणे नाही. ज्या वाड्या-चाळी पाहावयास आपण जातो, त्यांतील माणसे भराभर उपनगरांत जात आहेत. राहणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याची किंमत ज्या वस्तीत जास्त ठरते, तेथे पुढे केवळ पाहणारेच उरतात. आपल्या फोंड्याच्या वा मडगावच्या आळ्यांवरही हीच पाळी येऊ लागली आहे.

म्हणून देवस्थान समित्यांना व समाजाच्या मंडळांना आमची स्पष्ट मागणी आहे. एका दिवसात अकरा ठिकाणे दाखविणाऱ्या सहली बंद करा. दिवसाला दोनच ठिकाणे घ्या, आणि निघण्यापूर्वी त्यांची माहिती यात्रेकरूंना द्या. मुंबईतील आपल्या मठांशी व समाजसंस्थांशी पत्रव्यवहार करून, त्या वस्तीत राहणारा कोणी ज्ञाता बरोबर येईल अशी व्यवस्था करा. अंगणात येणाऱ्या परक्याने कसे वागावे याचे फलक आपण आपल्या देवळांसमोर लावतो. ते वाचण्याची पाळी आपल्यावर येते, तेव्हा आपण निरक्षर होऊ नये.